टर्बो गाडीची हवा मोकळी करायची आहे? फिल्टर विकत घ्यायच्या आधी हे करा

टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा) असलेली गाडी हातात आली की पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे कोन फिल्टर (कंपनीच्या डब्याऐवजी लावायचा शंकूच्या आकाराचा फिल्टर) टाक, आवाज पण मस्त येतो आणि पिकअप पण वाढतो. आवाज येतो हे खरं आहे. पिकअपचं मात्र तसं नाही, आणि नवीन माणसाने पैसे घालायच्या आधी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण टर्बो गाडीत हवा अडते ती सहसा कंपनीचा फिल्टर लहान आहे म्हणून नाही, तर तो मळलाय, कुठलातरी होज (हवेचा रबरी पाइप) फाटलाय, नाहीतर बॉनेटखालची तापलेली हवा आत जातेय म्हणून. ही तिन्ही कामं घरी किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये बसून होतात आणि खर्च फार थोडा येतो.

आधी थोडा हिशोब. स्कॉर्पिओचं २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन घ्या, २१७९ सीसी. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं, म्हणजे ३६०० आरपीएमला मिनिटाला साधारण ३९०० लिटर हवा, आणि हे टर्बो नसता तर. वर १ बारच्या आसपास बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब, धरला की बाहेरून खेचायची हवा साडेसहा-सात हजार लिटरपर्यंत जाते. एवढी सगळी हवा त्या एका कागदी फिल्टरमधून जाते. नेक्सॉन, व्हेन्यू, पोलो टीएसआय असल्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत इंजिन १ ते १.२ लिटरचं असतं पण आरपीएम जास्त, म्हणून तिथेही आकडा लहान नसतो.

आता मुख्य गोष्ट, आणि ही नीट वाचा कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. आजच्या टर्बो गाडीत बूस्ट किती ठेवायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाइपवरच्या) प्रेशर सेन्सरकडे बघून. म्हणजे फिल्टर चोंदला तरी बूस्ट लगेच कमी होत नाही, ईसीयू वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) किंवा टर्बोच्या धुराच्या वाटेतल्या पाकळ्या जास्त बंद करतो आणि टर्बोला जास्त पळवून तोच बूस्ट काढून घेतो. तुम्हाला गाडी चालवताना काहीच कळत नाही, टर्बोला मात्र कळतं.

आकड्यात बघू. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, तिथे हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. बूस्ट १०० किलोपास्कल, म्हणजे १ बार, धरला तर टर्बोमधून बाहेर पडताना १९५ लागतो. फिल्टर स्वच्छ असेल आणि वाटेत २ किलोपास्कल गेले तर टर्बोच्या तोंडाशी ९३ उरतात, १९५ भागिले ९३ म्हणजे २.१ पट दाब वाढवायचा. फिल्टर चोंदलेला असेल आणि ६ गेले तर ८९ उरले, आता जवळपास २.२ पट. बाहेर ३० डिग्री असेल आणि कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूची) कार्यक्षमता ७० टक्के धरली तर पहिल्या वेळी टर्बोतून हवा १३२ डिग्रीच्या आसपास बाहेर येते, दुसऱ्या वेळी १३९ च्या आसपास. वर टर्बोचा वेग वाढला तो वेगळाच. लहान टर्बो आधीच मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या वर जाऊ शकतात, त्यात आणखी ताण. महाबळेश्वरला वर गेलात की बाहेरचाच दाब ८६ किलोपास्कलच्या आसपास, तिथे टर्बोकडे राखून ठेवलेली ताकदच संपते आणि मग खरंच गाडी दम धरत नाही असं वाटतं. सपाटीवर ठीक पण घाटात ओढत नाही अशी तक्रार असेल तर सर्वात आधी हवेची वाट तपासा.

सुरुवात मोजण्यापासून करा. एक ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावायचं छोटं यंत्र) घ्या, मोबाईलवर ॲप टाका आणि चार आकडे बघायला शिका: मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, हवेचा प्रवाह ग्रॅम प्रति सेकंदात, आणि आरपीएम. इंजिन बंद, इग्निशन चालू ठेवून मॅनिफोल्डचा दाब बघा, तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच दिसला पाहिजे, मुंबईत १०० च्या आसपास, पुण्यात ९५ च्या. तो भलताच दिसला तर सेन्सरच मळलाय किंवा खराब आहे, आधी तो. तापमानाचं लक्षात ठेवा की काही गाड्यांत हा सेन्सर फिल्टरच्या लगेच मागे असतो आणि काहींत इंटरकूलरनंतर (टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीनंतर), दोघांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. मग एकच चढ ठरवा, पुण्याकडच्या लोकांना खंबाटकी आहे, नाशिककडच्यांना कसारा, रहदारी कमी असेल तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर वेगमर्यादेत एक ओढ घ्या, आकडे शेजारच्या माणसाला बघायला सांगा, चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघायचं नाही. लिहून ठेवा. प्रत्येक कामानंतर त्याच चढावर, साधारण तशाच हवामानात पुन्हा.

फिल्टरमध्ये किती दाब जातोय हे मोजायला मशीन लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधा, दोन्ही बाजू मीटरभर उंच पाहिजेत, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक उघडं आणि एक टोक फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जोडा. दोन्ही पातळ्यांमधला फरक १०० मिलिमीटर आला तर जवळपास १ किलोपास्कल. ट्रक आणि मोठ्या डिझेल इंजिनांवर २५ इंच पाण्याला, म्हणजे सव्वासहा किलोपास्कलला, फिल्टर बदलायची मर्यादा धरणं नेहमीचं आहे, तिथे तो लाल होणारा इंडिकेटर असतो तो याच कामाचा. गाडीत एवढं होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही, ओढ घेताना ३०० मिलिमीटरच्या वर फरक दिसायला लागला की मी फिल्टर बदलतो. नळी जोडायला भोक पाडायचं असेल तर डब्याचं झाकण पूर्ण काढून बाहेर आणून पाडा, भुगा एकदम साफ करा, आणि नंतर रबरी बूच घट्ट बसवा, कारण त्या भोकातून नंतर धूळ गेली तर सगळं मुसळ केरात. आणि नळी लांब ठेवा, पाणी इंजिनाकडे खेचलं जाता कामा नये.

आता प्रत्यक्ष काम. फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि लगेच झटकायला घेऊ नका, आधी बघा. घाण कुठल्या बाजूला आहे, सगळीकडे सारखी आहे का एका कोपऱ्यात, कडेच्या रबरावर धुळीचा पट्टा आलाय का. रबराच्या पलीकडे, स्वच्छ बाजूला धुळीची रेघ दिसली तर फिल्टर नीट बसतच नव्हता. मग पांढरं सुती फडकं घ्या आणि फिल्टरनंतरच्या पाइपच्या आतून फिरवा. फडक्यावर बोटाला खरखर लागेल अशी धूळ आली तर बाकी सगळं सोडा आणि आधी ती कुठून येते ते शोधा. स्वस्तातला डुप्लिकेट फिल्टर दोन-तीन मिलिमीटर लहान असणं, डब्याची एखादी क्लिप तुटलेली असणं, सर्व्हिसच्या वेळी रबर दुमडून बसवलेलं असणं, ही नेहमीची कारणं. ही बारीक धूळ टर्बोच्या पंख्याच्या कडा झिजवते आणि पुढे जाऊन रिंगा आणि लायनर घासते, इंजिन ऑइल प्यायला लागतं आणि लोक म्हणतात टर्बो गाड्या टिकत नाहीत.

गॅरेजमध्ये फिल्टरला हवा मारून परत बसवायची पद्धत आहे. कंप्रेसरची पूर्ण प्रेशरची हवा जवळून मारली की कागदाचे धागे सुटतात, डोळ्याला दिसत नाही पण तिथून धूळ पार होते. अगदीच गरज पडली तर कमी प्रेशरने, लांबून, आतल्या बाजूने बाहेर मारा, आणि मग फिल्टर उन्हाकडे धरून उजेड कुठे ठिपक्यासारखा येतोय का बघा. पण खरं सांगायचं तर फिल्टर बदला, टर्बोच्या किमतीपुढे फिल्टरची किंमत काहीच नाही. कागदी फिल्टरबद्दल आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते, नवा कोरा फिल्टर धूळ सर्वात कमी अडवतो, वर थोडा थर बसला की तो जास्त चांगला गाळतो. म्हणून दर महिन्याला झटकत बसणंही बरोबर नाही. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी वेगळं, कमी अंतर दिलेलं असतं, ते पाळा. ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टरमागून रोज जाणाऱ्या गाडीला किंवा क्रशर, खाणीजवळच्या गाडीला शहरातल्या गाडीचं अंतर लावून चालणार नाही.

डब्याच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजतं. तार घालून मोकळं करा. पावसाळ्यात पाणी साठून कागद भिजला की तो फुगतो आणि हवा अडते, ओला रुमाल तोंडावर बांधून घाट चढल्यासारखं. डब्याच्या आधीचा जो पाइप ग्रिलकडे किंवा चाकाच्या कमानीकडे जातो त्यात हात घालून बघा, सुकी पानं, पिशवीचा तुकडा, उंदराने आणून ठेवलेलं काहीबाही, मला यात काय काय सापडलंय ते सांगत नाही.

हाच पाइप गार हवेसाठी सर्वात महत्त्वाचा, आणि हाच बऱ्याचदा ॲक्सिडेंटचं काम झाल्यावर किंवा बॅटरी बदलल्यावर जागेवर बसवलेला नसतो. तो सुटला की डबा बॉनेटखालची हवा ओढतो. ट्रॅफिकमध्ये तिथे ६० डिग्री सहज असते. वर जो हिशोब केला तोच पुन्हा करा, ३० डिग्रीऐवजी ६० डिग्रीची हवा टर्बोत गेली तर बाहेर येते ती १३२ ऐवजी १७० च्या घरात. म्हणजे आत ३० डिग्री वाढले तर बाहेर ४० वाढतात. आणि साधारण दर १० डिग्रीला हवा ३ टक्क्यांनी विरळ होते, तेव्हा टर्बोच्या तोंडाशीच जवळपास १० टक्के गेले. इंजिनाशेजारी उघडा बसवलेला कोन फिल्टर नेमकं हेच करतो, गरम हवा ओढतो. फिल्टरमध्ये वाचवलेला १ किलोपास्कल म्हणजे १ टक्का, आणि उष्णतेत घालवले १०. टर्बोची शिट्टी आणि हवेचा सुस्कारा जोरात ऐकू येतो म्हणून गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, चढावरचे आकडे बघा म्हणजे समजेल.

कोन लावायचाच असेल तर बंद डब्यात लावा, झाकण बॉनेटला रबराने सील करा, आणि हवा बाहेरून आणा. पण ती तोंडाची जागा बंपरमध्ये खाली नेऊ नका. मुंबईत पावसात हिंदमाता आणि मिलन सबवेला पाणी कसं तुंबत आलंय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये पेलाभर गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीने ते तोंड वर का ठेवलंय त्यामागे हेच आहे. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, आधी फिल्टर ओला आहे का बघा.

आता होज. फिल्टर ते टर्बो या पट्ट्यात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे इथे भेग पडली तर न गाळलेली हवा आत जाते, आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही, फक्त झीज. शिवाय जुना रबरी होज मऊ पडला की जोरात ओढताना आत चिपकतो आणि वाट अरुंद होते. हाताने दाबून बघा, पटकन दबला तर बदला. बाजारातला स्वस्त रंगीत सिलिकॉन होज इथे लावताना त्यात कापडाचे थर आणि शक्यतो तारेची गुंडाळी आहे का ते बघून घ्या. टर्बो ते इंटरकूलर ते मॅनिफोल्ड या पट्ट्यात उलट, दाब आतून बाहेर, इथे भेग पडली की हवा फुस्स करून बाहेर जाते, डिझेल गाडी काळा धूर टाकते, लोड घेत नाही, आणि टर्बो बिचारा भरून काढायला जास्त पळतो. जोडाजवळ ओलसर काळं तेल दिसलं तर जागा सापडली म्हणून समजा. पाइपच्या आत हलका तेलाचा थर मात्र चालतो, तो क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागाच्या) वाफेतून येतो, तळाशी तेल साठलेलं दिसलं तर काळजी करा.

लीक शोधायची गॅरेजमधली सोपी युक्ती: टर्बोच्या तोंडाच्या मापाचं पीव्हीसीचं बूच घ्या, त्यात पंक्चरवाल्याकडचा ट्यूबलेसचा वॉल्व्ह बसवा, होजला क्लिपने घट्ट लावा, क्रँककेसची नळी वेगळी करून तिचं पाइपकडचं तोंड बंद करा, आणि हळूहळू हवा भरा. ८ पीएसआय पुरे, १० च्या वर कधीच नाही, आणि बुचाच्या समोर तोंड आणू नका, सुटलं तर गोळीसारखं येतं. मग साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर मारा, फुगे आले तिथे लीक. थोडी हवा इंजिनाच्या उघड्या वॉल्व्हमधून जातेच, त्यामुळे दाब टिकून राहील अशी अपेक्षा नको. बूच लावायच्या आधीच टर्बोचा शाफ्टही बघून घ्या, इंजिन पूर्ण गार असताना, बोटाने हलवून. बाजूला किंचित हलला तर ठीक, मागेपुढे खेळ जाणवला किंवा पंखा भिंतीला घासल्याच्या खुणा दिसल्या तर पुढचं सगळं थांबवून टर्बोवाल्याकडे जा.

इंटरकूलरला लोक विसरतातच. समोर असेल तर त्याच्या जाळीत किडे, चिखल, गवताचं बी अडकलेलं असतं, वाकलेल्या पट्ट्या बारीक टोकदार वस्तूने सरळ करा आणि साध्या पाण्याच्या धारेने मागून पुढे धुवा, सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर जवळून मारला तर पट्ट्या आडव्या होतात. जुन्या स्कॉर्पिओसारखा वर, बॉनेटच्या स्कूपखाली असेल तर स्कूप आणि इंटरकूलरमधलं रबर तपासा, ते फाटलं की हवा जाळीतून न जाता बाजूने निघून जाते. इंटरकूलरच्या कडेने फट असेल तर फोमची पट्टी लावून बंद करा, अगदी किरकोळ काम आहे आणि हवेच्या तापमानात फरक दिसतो.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक. ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात पाठवणाऱ्या यंत्रणेची) काजळी आणि क्रँककेसचं तेल मिळून मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर जमतो, शहरात कमी वेगाने चालणाऱ्या जुन्या गाड्यांत तर वाट बरीच अरुंद झालेली असते. मॅनिफोल्ड खोलून साफ करणं हे चांगल्या मेकॅनिकचं काम, गॅस्केट नवीन लागतात. ईजीआर बंद करून टाक असं कोणी सांगेल, ते करू नका, प्रदूषण वाढतं आणि ते नियमातही बसत नाही. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर मळला असेल तर त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे वापरा, कार्बोरेटर क्लीनर नाही, आणि आतल्या तारेला किंवा पापुद्र्याला बोट, कापूस काहीही लावू नका.

हे सगळं झालं, चढावरचे आकडे पुन्हा घेतले, आणि तरीही फिल्टरमध्ये दाब जातोय असं पाण्याच्या नळीने दाखवलं, तेव्हा जास्त हवा सोडणारा फिल्टर बघा. डब्यात बसणारा, मूळ मापाचाच. तेल लावायचा सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो पण तेल जास्त झालं तर ते उडून प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, सांगितलंय तेवढंच तेल आणि पूर्ण मुरेपर्यंत थांबणं, यात घाई नको. घेताना दुकानदाराला आयएसओ ५०११ प्रमाणे टेस्टचा रिपोर्ट आहे का विचारा, ही एअर फिल्टरची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, त्यात हवा किती सोडतो आणि धूळ किती अडवतो दोन्ही कळतं. फक्त हवेचा आकडा दाखवणारा आणि धुळीबद्दल गप्प बसणारा फिल्टर आपल्या रस्त्यांवर मी तरी लावणार नाही. सेन्सर बसतो त्या पाइपचा व्यास बदलू नका, त्याचं वाचन त्या मापावरच ठरलेलं असतं, मोठा पाइप टाकला की ईसीयूला हवा कमी दिसते आणि सगळं गणित चुकतं.

ताकद किती वाढेल, तर स्टॉक ईसीयूवर फार अपेक्षा ठेवू नका, टॉर्क आणि बूस्ट त्याने ठरवलेले आहेत. मिळतं ते असं: टर्बो थोडा लवकर भरतो, घाटात गाडी शेवटपर्यंत ओढते, धूर कमी होतो, पीयूसीला डिझेलची धूर चाचणी निवांत पार पडते, आणि टर्बो कमी तापतो. रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) करायचा विचार असेल तर तो या सगळ्या कामांनंतरच, लीक असलेल्या गाडीवर रिमॅप म्हणजे टर्बोला आणखी मारणं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या माहितीपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. डब्यातला फिल्टर बदलल्याने त्या माहितीत काही फरक पडत नाही, पण गाडी वॉरंटीत असेल तर डबा काढून कोन लावण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या, आणि मूळ डबा, पाइप, क्लिपा सगळं एका खोक्यात नाव घालून जपून ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच मागतं.

पुढचं वेळापत्रक मी असं ठेवतो: पावसाळा संपल्यावर डबा, भोक आणि फिल्टर, दिवाळीनंतर धूळ सुरू होते तेव्हा पांढऱ्या फडक्याची तपासणी, उन्हाळ्याच्या आधी इंटरकूलर धुणं आणि साबणाच्या पाण्याची टेस्ट, आणि प्रत्येक वेळी त्याच चढावरचे चार आकडे वहीत, तारीख आणि बाहेरच्या तापमानासकट.